रिमॅप की इनटेक-एक्झॉस्ट?
तुझी नवी टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे आणि पहिला मॉड (गाडीतला बदल) कुठला ते ठरत नाहीये, तर नुसत्या ताकदीत रिमॅपच पुढे, म्हणजे ईसीयूमधलं (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) न इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) बदललं की टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, साधारण 15-25 टक्के वाढतो. इनटेक-एक्झॉस्टने (हवा आत घेणारा फिल्टर न धूर सोडणारा पाइप बदलून) आवाज भारी येतो, पॉवर जेमतेम वाढते. (टर्बो नसेल तर रिमॅपनेही फार काही हाती लागत नाही.)

टिकाऊपणात उलटं. रिमॅपच्या जादा टॉर्कचा मार क्लच-गिअरबॉक्सवर बसतो, वॉरंटीही जाऊ शकते, आणि मॅप हाय ऑक्टेन (प्रीमियम) पेट्रोलचा असेल तर साधं पेट्रोल चालत नाही. इनटेकचा एअर फिल्टर काय, काढून जुना परत बसवता येतो, फक्त ऑइलवाला असेल तर तेल बेतानं लाव, नाहीतर एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) घाण होतो.

आवाजाचीच हौस असेल तर इनटेक-एक्झॉस्ट. ओव्हरटेकला खरा जोर हवा न क्लचचा खर्च झेपणार असेल तर रिमॅप.