नेदरलँड्समध्ये सायकल भाड्याने घेताय? पैसे पाठवण्याआधी हे वाचा

ज्यांना नेदरलँड्समध्ये सायकलने लांबचा प्रवास करायचा आहे, त्यांनी भाड्याचे पैसे भरण्याआधी हे पूर्ण वाचावं, अशी कळकळीची विनंती. आमच्या चौघांच्या सायकलींच्या नावाखाली आमच्याकडून १,४०० युरो उकळले गेले. त्या वेळच्या दराने सव्वा लाखाहून जास्त रुपये. दुकान नव्हतं, सायकली नव्हत्या. होती फक्त एक देखणी वेबसाइट आणि तिच्यामागे बसलेला, या धंद्यातलं खडान्‌खडा माहीत असलेला एक माणूस.

आम्ही म्हणजे मी, माझा नवरा, थोरले दीर आणि जाऊबाई. चौघांनाही सायकलची सवय आहे, पुणे ते पंढरपूर सायकल वारी आम्ही केलेली आहे. माझा भाचा आम्स्टरडॅमजवळ आम्स्टलव्हेनला नोकरीला असतो, त्यामुळे तिकडे जाणं होणारच होतं. मनात होता झाउडरझेचा मार्ग. झाउडरझे हा उत्तर समुद्राचा जमिनीत शिरलेला फाटा होता. १९३२ साली आफस्लाउटडाइक हा बत्तीस किलोमीटरचा बांध पुरा झाला, फाट्याचं तोंड बंद झालं आणि आत आयसेलमेर हे गोड्या पाण्याचं सरोवर तयार झालं. त्या जुन्या समुद्राच्या काठाकाठाने चारशेहून जास्त किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. होर्न, एन्कहाउझन, हिंदेलोपेन, काम्पेन, एल्बुर्ग ही सगळी एके काळची भरभराटीची व्यापारी गावं त्या वाटेवर लागतात. चढ जवळजवळ नाहीच, फक्त वारा सांभाळायचा.

आमचा बेत असा होता: होर्नला सायकली घ्यायच्या, एन्कहाउझनहून होडीने सायकलींसकट स्टाव्होरेनला उतरायचं, पूर्वेच्या काठाने खाली येत आम्स्टरडॅम गाठायचं आणि सायकली तिथेच सोडायच्या. अडचण इथेच होती. आम्ही जिथे जिथे विचारलं, तिथे सायकल जिथून घेतली तिथेच परत द्यायची अट होती. एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडायची सोय मिळत नव्हती, आणि जिथे मिळत होती तिथे त्याचे पैसे फार होते. या एकाच वेबसाइटवर ती सोय फुकट होती. ज्यासाठी माणूस आठवडाभर शोधतोय तेच नेमकं फुकट दाखवायचं, हे त्या भामट्याचं आमिष. लांबचा मार्ग आखणाऱ्या प्रत्येकाची ही गरज असते आणि त्याला ती पक्की ठाऊक होती.

मेलला उत्तर दोन तासांत आलं. प्रत्येकाची उंची काय, पायाच्या आतल्या बाजूची लांबी काय, ब्रेक हँडलवर हवा की पॅडल उलटं मारून लागणारा हवा, बॅटरीच्या सायकलींना बॅटरी मोठी देऊ का, मागच्या पिशव्या एका बाजूला की दोन्ही बाजूंना? आम्ही भाऊजींना भिंतीला टेकवून उभं केलं, दोन पायांच्या मध्ये पुठ्ठ्याची वही आडवी धरली आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावली. ७९ सेंटीमीटर. कळवल्यावर उत्तर आलं की मग ५३ची फ्रेम घ्या, ५७ची तुम्हाला उंच पडेल. असं बोलणाऱ्या माणसाच्या मागे दुकान नसेल, ही शंका कुणाला येणार? नंतर समजलं की हे सगळे प्रश्न एका खऱ्या, प्रामाणिक दुकानाच्या फॉर्मवरून जसेच्या तसे उचललेले होते. फोटोही त्यांचेच.

पैशांची गोष्ट आली तेव्हा त्याने आधी कार्डाचा रस्ता बंद केला. परदेशी कार्डावर मला जास्तीचा आकार पडतो, म्हणाला. तिकडे ऑनलाइन पैसे भरायला सर्रास चालणारी आयडील ही पद्धत आहे, पण तिला तिथल्या बँकेचं खातं लागतं, ते तुमच्याकडे नसणार. तेव्हा बँकेतून थेट पाठवा, पाच टक्के सूट देतो. सूट वजा करून भाड्याचे ८०० आणि अनामत ६००. अनामत सायकली परत दिल्यावर त्याच दिवशी मिळेल. इथे मी ठासून सांगते: कार्ड नको आणि अनामतही आगाऊच हवी, या दोन मागण्या एकत्र आल्या की व्यवहार तिथेच थांबवा. खरं दुकान अनामत घेतं ती सायकल तुमच्या हातात देताना.

आमच्या बँकेत परदेशी पैसे पाठवण्याचा ए-टू फॉर्म भरला, पॅन दिला, बिल जोडलं. बिल नीट होतं, त्यावर व्हॅटचा क्रमांक होता, दुकानाचा नोंदणी क्रमांक होता. साहेबांनी कागद तपासले आणि पैसे गेले. लोकांना वाटतं की बँकेने कागद पाहिले म्हणजे काळजी मिटली. बँक बघते पैसे कशासाठी बाहेर चाललेत ते. घेणारा खरा आहे का, याची चौकशी ती करत नाही.

होर्नला उतरलो ती मे महिन्यातली लख्ख सकाळ होती. पत्ता स्टेशनपासून पायी जाण्यासारखा होता. विटांच्या एकसारख्या घरांची ओळ, प्रत्येकाला रस्त्याकडे मोठी काच, काचेमागे कुंड्या. आमच्या नंबरच्या दारावर, काचेच्या आतून, एक कागद चिकटवलेला होता. वर डचमध्ये आणि खाली इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: इथे सायकली भाड्याने मिळत नाहीत, तुमची फसवणूक झाली आहे, पोलिसांकडे जा. चिकटपट्टीच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या. म्हणजे कागद लावून बरेच दिवस झाले होते.

बेल न वाजवताच दार उघडलं. सत्तरीच्या पुढच्या बाई होत्या. आम्हाला पाहून त्यांना काही विचारावंच लागलं नाही. त्यांनी आत बोलावून कॉफी दिली आणि आमच्याआधी आलेल्या लोकांबद्दल सांगितलं. एक जर्मन कुटुंब तर लहान मुलांना घेऊन आलं होतं. आपल्या घराचा पत्ता कुणीतरी असा वापरतं, याचा त्यांना फार मनस्ताप झाला होता. त्यांनी स्वतः तक्रार दिली होती, तरी माणसं येतच होती. त्यांचं काहीच चुकलेलं नसताना त्या आमची माफी मागत होत्या, ते ऐकवत नव्हतं.

तिथूनच भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “मावशी, बिल पाठव मला आत्ता.” मग त्याने एकेक गोष्ट उलगडून सांगितली, आणि या सगळ्या पडताळण्या पुण्यात बसूनही होतात, म्हणून सविस्तर लिहिते.

नेदरलँड्समध्ये प्रत्येक धंद्याला व्यापार नोंदणी कार्यालयाचा, म्हणजे केव्हीकेचा, आठ आकडी क्रमांक असतो. त्यांच्या साइटवर तो टाकला की नाव आणि गाव फुकट दिसतं. आमच्या बिलावरचा क्रमांक खरा होता, पण दुसऱ्याच गावातल्या केस कापायच्या दुकानाचा होता. म्हणजे नुसता क्रमांक आहे ना, एवढं बघून भागत नाही, तो कुणाचा आहे हे बघायचं. वेबसाइटवर “१९८७ पासून तुमच्या सेवेत” असं होतं. डॉट एनएल नावांची नोंद ठेवणारी एसआयडीएन ही संस्था आहे, तिच्याकडे नाव केव्हा घेतलं ते दिसतं. हे नाव घेऊन जेमतेम तीन महिने झाले होते. खाली थाउसविंकेल वारबोर्ग या ऑनलाइन दुकानांच्या विश्वासचिन्हाचं चित्र होतं. खऱ्या सभासदाच्या साइटवर त्या चिन्हावर क्लिक केलं की त्या दुकानाचं प्रमाणपत्र उघडतं. इथे ते नुसतंच चित्र होतं, दाबून काही होत नव्हतं.

आणि सर्वांत उघड खूण होती खात्याच्या क्रमांकात. युरोपातल्या बँक खात्याच्या क्रमांकाची पहिली दोन अक्षरं देशाची असतात. डच खातं एनएलने सुरू होतं. आमच्या बिलावरचं एलटीने सुरू होत होतं, म्हणजे लिथुआनिया. लिथुआनियातलं खातं असणं यात वावगं काही नाही, कितीतरी लोकांची मोबाइलवर उघडलेली साधी खाती तिथली असतात. पण होर्नमध्ये १९८७पासून दुकान चालवणाऱ्याचं चालू खातं तिथे कशाला असेल? भाच्याने आणखी एक सांगितलं ते महत्त्वाचं आहे. नेदरलँड्समधल्या बँका पैसे पाठवताना नाव आणि खातं जुळतं का ते दाखवतात, आणि ऑक्टोबर २०२५पासून युरो चलनाच्या सगळ्या देशांत बँकांना ही पडताळणी सक्तीची झाली आहे. आपल्या बँकेतून परदेशी पैसे पाठवताना ही चाळणी आमच्यासमोर आलीच नाही. तेव्हा तिकडे आपलं माणूस असेल तर पैसे त्याच्या हातून द्या. भाचा-पुतण्याला कशाला त्रास, असा संकोच करू नका.

तक्रार करायला आम्ही तिथल्या पोलीस ठाण्यात गेलो. तातडीच्या नसलेल्या कामासाठी त्यांचा नंबर ०९००-८८४४ आहे. तक्रारीची प्रत मागून घ्या, आपल्या बँकेला ती लागते. इकडे मुलीने सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार टाकली आणि १९३०वर फोन केला. बँकेने स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय निरोप यंत्रणेतून, पैसे परत मागवण्याचा निरोप पाठवला, त्याचे वेगळे पैसे लागले. उत्तर आलं की खात्यात शिल्लक नाही. क्रेडिट कार्डाने भरले असते तर माल मिळाला नाही म्हणून वाद दाखल करता आला असता. थेट पाठवलेल्या पैशाला तो दरवाजा नाही.

भाऊजी इतके वैतागले होते की जुन्या सायकली विकतच घेऊ म्हणाले. आम्स्टरडॅममधली एक जाहिरातही त्यांनी शोधली, चार सायकली, दर अगदीच कमी. भाच्याने विकणाऱ्याकडे फ्रेमवर कोरलेला नंबर मागितला. पलीकडून उत्तर आलंच नाही. तिकडे चोरीच्या सायकलींचा बाजार मोठा आहे, आणि चोरीचा माल असल्याची शंका यायला हवी होती अशा भावात सायकल घेतली तर घेणाराही कायद्याने गुन्हेगार ठरतो. पोलिसांच्या स्टॉप हेलिंग या साइटवर फ्रेमचा नंबर टाकून सायकल चोरीची नोंदलेली आहे का ते कळतं. नंबर घासलेला दिसला तर त्या सायकलीला हातही लावू नका.

शेवटी होर्नमध्येच एक खरं दुकान मिळालं. तिथला करारनामा मी जपून ठेवलाय. प्रत्येक सायकलीचा फ्रेम नंबर, किल्लीचा नंबर, आधीपासून असलेले ओरखडे, सगळं त्यावर मांडलेलं. अनामत कार्डावर फक्त अडकवून ठेवली, कापून घेतली नाही. मालकाने किल्ली हातात देऊन बजावलं, सायकल चोरीला गेली तर ही किल्ली मला आणून दाखवायची, नाहीतर विमा मिळत नाही आणि पूर्ण किंमत तुम्हाला भरावी लागेल. सायकली होर्नलाच परत द्यायच्या होत्या, म्हणून आम्स्टरडॅमपर्यंत न जाता वाटेतल्या हार्डरवाइकलाच थांबलो आणि सायकलींसकट रेल्वेने परतलो. सायकलीचं वेगळं दिवसभराचं तिकीट लागतं, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते नऊ आणि दुपारी चार ते साडेसहा सायकल गाडीत चढवू देत नाहीत.

प्रवास छान झाला, हे मी मुद्दाम लिहिते, कारण हे वाचून कुणी बेत रद्द करू नये. चौकाचौकांत क्रमांकाच्या पाट्या असतात, दिवसाचे क्रमांक कागदावर लिहून हँडलला अडकवायचे आणि एकामागून एक गाठत जायचं. बांधाच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला त्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीवरची कुरणं, वाटेत मेंढ्या आडव्या. सायकलवाल्यांना घरी उतरवून घेणाऱ्या कुटुंबांकडे आम्ही मुक्काम केले. त्यातल्या एकानेही आगाऊ पैसे मागितले नाहीत.

परत आल्यावर आणखी एक प्रकार घडला, त्यापासून विशेष सावध राहा. आमची हकीकत आम्ही दोन-तीन ठिकाणी लिहिली होती. काही दिवसांत एका “युरोपियन तपास विभागा”चा निरोप आला: तुमचे पैसे सापडले आहेत, सोडवण्यासाठी १५० युरो शुल्क भरा. ओळखपत्राचा फोटोही होता. बुडालेल्या माणसाला पुन्हा बुडवण्याची ही दुसरी टोळी. पैसे परत मिळवून देण्यासाठी पोलीस शुल्क घेत नाहीत, ना तिकडचे, ना आपले.

आता ती वेबसाइट नव्या नावाने पुन्हा चालू झाली आहे. फोटो तेच, प्रश्न तेच, गाव बदललंय. आम्ही डच पोलिसांना कळवलं आहे. त्यांच्या साइटवर विकणाऱ्याची वेबसाइट, फोन किंवा खातं टाकलं की त्याविरुद्ध आधी तक्रारी आल्यात का ते दिसतं. तुम्ही कुठे पैसे भरून बसला असाल आणि आता शंका येत असेल, तर निघण्याची तारीख येईपर्यंत थांबू नका. आजच बँकेला फोन करा, १९३०ला कळवा आणि त्या माणसाशी झालेली एकही मेल पुसू नका.