जिमनीला स्पितीसाठी टायर: २१५ की २३५?

हिवाळ्यात किन्नौरमार्गे स्पितीतल्या काझाला जायचं, तर मारुतीच्या फोर-व्हील-ड्राइव्ह जिमनीचे कंपनीचे १९५/८० आर१५ हायवे टायर (१९५ मिमी रुंदी, बाजूची उंची तिच्या ८० टक्के, रिम १५ इंची) बदलायचे, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं. घोडं अडतं मापावर. (अटल बोगदा ओलांडून फक्त सिस्सूला जाऊन यायचं असेल, तर मूळ टायर आणि चांगल्या स्नो चेन पुरेत.)

२१५/७५ आर१५ चा व्यास मूळ टायरपेक्षा सुमारे १० मिमी जास्त, म्हणजे गाडी ५ मिमी उचलते. २३५/७५ ने २० मिमी उचलते. दगडगोट्यांत ते २० मिमी कामाला येतात आणि गाडी रुबाबदार दिसते, हे कबूल. पण चार बोटं ताज्या बर्फात किंवा रबडीत (अर्धवट वितळलेल्या बर्फाच्या चिखलात) अरुंद टायर चिरत खालच्या कठीण थरापर्यंत पोचतो. रुंद टायर वरच रेंगाळतो. हवा उतरवून खोल भुसभुशीत बर्फात घुसायचं असेल तर २३५ सरस. काझाच्या रस्त्यावर तसा प्रसंग क्वचित.

रिमचंही बघा. जिमनीची मूळ रिम साडेपाच इंची. २१५ तिच्यावर नियमात बसतो, २३५ ला किमान सहा इंची लागते. म्हणजे पाच रिमचा खर्च वाढला.

माझ्या लेखी निकाल लागतो तो मात्र चाकावरच्या कमानीत. दिवसभर उडालेली रबडी तिथे साचते आणि रात्री उणे १५ मध्ये दगड होते. २१५ ला तरीही फिरायला जागा उरते. २३५ मूळ सस्पेन्शनवर आधीच फुल लॉकला, म्हणजे स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर, रेडियस आर्मला (अ‍ॅक्सल धरून ठेवणाऱ्या दांड्याला) आणि बंपरच्या आतल्या प्लास्टिकला घासू शकतो. त्यात हा बर्फ भरला की सकाळी अरुंद वळणावर स्टिअरिंग पूर्ण कापता येत नाही. चेन चढवली की उरलीसुरली फटही जाते. उपाय एकच: मुक्कामाला पोचताच, बर्फ ओला असतानाच, लाकडी दांड्याने कमान मोकळी करायची. पहार नको, एबीएसची वायर आणि ब्रेकचा होज तिथेच असतो. हा उद्योग रोज निमूटपणे करणार असाल तर २३५ घ्या बापडे.

इंजिनाचाही विचार हवा. टर्बो नसलेलं दीड लिटरचं इंजिन काझाच्या उंचीवर साधारण एक तृतीयांश ताकद गमावतं. त्यावर २३५ मुळे गिअरिंग सहा टक्क्यांनी लांबतं, म्हणजे चढाला जोर आणखी कमी. २१५ ने दीडच.

माप कुठलंही घ्या, टायरच्या बाजूवर तीन शिखरांत हिमकणाचं चिन्ह हवं, म्हणजे तो बर्फावरच्या चाचणीत उतरलेला असतो. नुसतं ‘एम प्लस एस’ (चिखल आणि बर्फ) पुरत नाही. काचेसारख्या काळ्या बर्फावर चिन्हवाला टायरही हात टेकतो, तिथे चेनच. पुण्यात ३० पीएसआय भरून निघालात तर थंडीने सहा-सात उतरतात, उंचीने चारेक चढतात. काझात सकाळी, चाकं गार असताना पुन्हा मोजा.

स्टेपनीही त्याच मापाची घ्या. जिमनीला सेंटर डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) नाही. वेगळ्या व्यासाचं चाक लावून कोरड्या डांबरावर फोर-एचमध्ये (चारही चाकांना ताकद) चालवलंत तर ती ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर ताण येतो आणि लिव्हर टू-एचमध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद) यायला कुरकुरतो.