दीड, अडीच आणि एरडूवरे: दुकानात एआय आणून नऊ महिने झाले, त्याचा अनुभव

बेळगावच्या रविवार पेठेत आमचं किराणा-मसाल्याचं घाऊक दुकान आहे. आजोबांनी घातलेलं, आता आप्पा आणि मी बघतो. गिऱ्हाईक तीन बाजूंचं: खानापूर-चंदगडकडचे मराठी दुकानदार, बैलहोंगल-हुक्केरीकडचे कन्नड, आणि चोर्ला घाटातून माल नेणारे गोव्याचे. गेल्या जूनमध्ये मी दुकानात एआय आणलं. आणलं म्हणजे एका कंपनीचं तयार पॅकेज घेतलं, महिना साडेतीन हजार रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण बरं आणि वाईट दोन्ही लिहायचं आहे.

पॅकेजमध्ये तीन कामं होती. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले आवाजी मेसेज ऐकून ऑर्डरची यादी करणं, पुढं काय किती खपेल याचा अंदाज देणं, आणि फोटोवरून मालाची प्रत सांगणं. विकायला आलेल्या पोरानं सगळा जोर अंदाजावर दिला. ऑर्डरची यादी त्यानं शेवटी, चहा पिता पिता सांगितली. मला मात्र तेवढंच हवं होतं. आमचे दिवाणजी रोज सकाळी सात ते दहा फोन कानाला लावून साठ-सत्तर मेसेज ऐकायचे आणि चिठ्ठ्या लिहायचे. तोवर हमाल पायरीवर बसून.

पहिला आठवडा हसण्यात गेला. 'अडीच क्विंटल साखर'चं यंत्रानं 'अडचण क्विंटल साखर' केलं. आमच्याकडं धडा म्हणजे दहा किलो. 'दोन धडे मिरची' ऐकून त्यानं यादीत मिरची घातलीच नाही, शेरा मारला की ग्राहक अभ्यासाबद्दल बोलत असावा. गोव्याच्या गिऱ्हाईकानं 'धा किलो गोड' मागितलं. कोकणीत गोड म्हणजे गूळ. यंत्रानं उलट विचारलं, कोणता गोड पदार्थ हवा? कोकणी १९९२ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली, या पॅकेजच्या भाषांच्या यादीत अजून गेलेली नाही.

पण हसू येणाऱ्या चुका धोक्याच्या नसतात, त्या डोळ्याला लगेच टोचतात. धोक्याची चूक तिसऱ्या आठवड्यात झाली. बैलहोंगलच्या दुकानदारानं मराठीत सुरुवात केली, 'सावकार, ती ब्याडगी', आणि आकडा कन्नडमध्ये सांगितला: 'एरडूवरे क्विंटल कळस्री'. एरडू म्हणजे दोन, एरडूवरे म्हणजे अडीच, कळस्री म्हणजे पाठवा. यंत्रानं शेपूट सोडून दिलं आणि स्वच्छ अक्षरात २ लिहिलं. यादी इतकी नीटनेटकी होती की कुणी शंका घेतली नाही. संध्याकाळी फोन आला, "काय सावकार, अर्धा क्विंटल तुम्हीच खाल्ला की काय?" माणूस जुना, म्हणून हसून बोलला. नवा असता तर गेला असता.

का होतं हे, ते मी नंतर समजून घेतलं. असलं यंत्र आवाज ऐकून शब्द ओळखतं म्हणजे खरं तर त्या जागी कुठला शब्द बसण्याची शक्यता जास्त, ते ठरवतं. आणि शक्यता ठरते ती त्याला शिकवताना जे ऐकवलं त्यावरून. त्याला ऐकवलेली मराठी बातम्यांतली, कन्नडही तसलीच. शिवाय आमचं पॅकेज एका मेसेजला एकच भाषा धरून चालायचं. इथं तर एकाच वाक्यात माल मराठी, आकडा कन्नड आणि शेवटी 'पाठवा की वो'. हुक्केरीचा माणूस साखरेला सक्री म्हणणार, गुळाला बेल्ला, तूरडाळीला तोगरी बेळे, आणि शेंगांना शेंगाच.

कंपनीला फोन केला तर तिकडून एकच उत्तर: वापरत राहा, सुधारेल. आपोआप काही सुधारलं नाही. सुधारलं ते दिवाणजींमुळं. पॅकेजमध्ये स्वतःचे शब्द भरायची सोय होती, पण ते शब्द कुठल्या वहीत नव्हते, दिवाणजींच्या डोक्यात होते. त्यांना सांगायला बसवलं तर आधी त्यांनी विचारलं, "मला काढायचं मशीन आणलास काय रे?" मी नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही, बसायचं कारणही नव्हतं. मग आप्पांनी सांगितलं, तेव्हा वही उघडली. जुलैभर रोज दुपारी तासभर आम्ही बसलो. चारशेच्या वर शब्द निघाले. मालाची नावं तीन भाषांत, मापं, पाऊण-सव्वा-दीड-पावणेदोनपासून सगळे तुटक आकडे, आणि गिऱ्हाईकांच्या खोडी. खानापूरचा एक जण 'नेहमीचं पाठवा' एवढंच बोलतो. त्याचं नेहमीचं श्रावणात वेगळं आणि लग्नसराईत वेगळं. यंत्र मागच्या तीन ऑर्डरींची सरासरी काढून बिनधास्त भरत होतं, म्हणजे ऐन श्रावणात त्याला सुकी मच्छी जायची वेळ आली होती.

त्यावर आम्ही नियम घातला. आकड्यात जराही शंका असली किंवा 'नेहमीचं' आलं की रकाना रिकामा ठेवायचा आणि लाल करायचा. कंपनीच्या माणसाला हे आवडलं नाही, म्हणाला, यानं तुमचं काम पूर्ण आपोआप होणार नाही. न होवो. मला चुकीच्या आकड्यापेक्षा रिकामा रकाना परवडतो. आता रोज दहा-बारा रकाने लाल येतात, ते दिवाणजी भरतात आणि साडेआठला चिठ्ठ्या हमालांच्या हातात असतात. माझ्या मते साडेतीन हजारांतले तीन हजार इथंच वसूल होतात.

गावांच्या नावांचा घोळ वेगळाच. आपण बेळगाव म्हणतो, सरकारी कागदावर १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी, जुन्या बिलांवर बेलगाम. यंत्रानं एकाच गिऱ्हाईकाची तीन खाती केली. खानापूर-खानापुर, निपाणी-निप्पाणी, सगळं तसंच. सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. आमच्या कॉम्प्युटरमधला दोन आठवड्यांत मिटला, कारण गिऱ्हाईक आम्ही गावावरून न ओळखता फोन नंबरावरून ओळखायचं ठरवलं. उत्तर मात्र ज्याला त्याला त्याच्याच भाषेत जातं. पाटीवर साठ टक्के कन्नड हवं हा कायदा आहे, ऑर्डर पोचल्याच्या मेसेजला सुदैवानं नाही.

आता तो गाजवलेला अंदाज. मागच्या दोन वर्षांची बिलं त्याला दिली होती. गुळाची मोठी खरेदी त्यानं ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात करायला सांगितली. वर आलेखही काढून दिला, रंगीत. दिवाणजींनी आलेख बघितला नाही, भिंतीवरचं कालनिर्णय बघितलं. गणेश चतुर्थी २०२३ ला १९ सप्टेंबरला होती, २०२४ ला ७ सप्टेंबरला, आणि २०२५ ला २७ ऑगस्टला. गोव्याचे लोक चवथीचा गूळ पंधरा-वीस दिवस आधी उचलतात. यंत्रानं इंग्रजी तारखांची सरासरी काढली होती, म्हणजे गणपती बसल्यावर गूळ मागवा असा तो सल्ला. मी कंपनीला कळवलं, तर त्यांनी सणांच्या तारखा भरायचा एक तक्ता दिला. भरला. फेब्रुवारीत दिवाणजींनी मला विचारलं, "यंदा ज्येष्ठ अधिक हाय, त्ये धरलंय काय त्येनं?" धरलं नव्हतं. यंदा, म्हणजे २०२६ ला, चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे.

मीठ, साखर, तूरडाळ असल्या बारमाही मालाचा अंदाज बरा येतो हे कबूल करायला हवं. पण त्या मालाचा अंदाज आम्हालाही येत होताच.

फोटोवरून प्रत सांगण्याचं काम महिन्याभरात बंद केलं. ब्याडगी आणि संकेश्वरी त्याला वेगळी ओळखता येते, ब्याडगीच्या सुरकुत्या आणि गडद रंग फोटोत दिसतो. पण दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली सगळीच मिरची त्याला उत्तम वाटते. आणि मिरचीत ओल किती हे डोळ्यांना दिसत नाही, मुठीत कळतं; वाळलेली मिरची हलवली की आत बी खुळखुळतं. उद्यमबागेत माझ्या मित्राची फाउंड्री आहे, त्यानंही कास्टिंग तपासायला कॅमेरा लावला आहे. तो खूश आहे, पण त्याचं म्हणणंही तेच: वरची भोकं दिसतात, आतली नाहीत.

बिलांचं एक सांगून ठेवतो. १८ जुलै २०२२ पासून पॅक करून लेबल लावलेल्या गुळावर पाच टक्के जीएसटी आला, सुट्या ढेपेवर नाही. यंत्र दोन्हीला गूळ म्हणायचं आणि एकच दर लावायचं. मालाच्या यादीत दोन वेगळी नावं करून घ्या, पहिल्याच दिवशी. आम्हाला सीएनं सांगितलं तेव्हा कळलं.

उधारीची वही मी त्याला दिलेली नाही. कुणाचे किती थकले हे दुकानाबाहेरच्या कुठल्या कॉम्प्युटरवर जावं असं आप्पांना वाटत नाही, आणि या बाबतीत मी त्यांच्याशी वाद घातला नाही.

घ्यावं का, असं पेठेतले दोघं-तिघं विचारून गेले. तुमच्याकडं दिवाणजी असतील आणि त्यांना रोज तासभर द्यायची तयारी असेल तर घ्या. दिवाणजींच्या ऐवजी म्हणून घेत असाल तर सगळे रकाने भरलेले मिळतील आणि त्यातला कुठला चुकलाय ते सांगणारा कोणी नसेल. आमच्या दिवाणजींचा पगार दिवाळीला वाढवला. शब्दांची वही त्यांनी स्वतःकडंच ठेवली आहे, कॉम्प्युटरवर त्यातलं किती गेलंय ते तपासून मगच पुढचं सांगतात.

जूनमध्ये पॅकेजचं वर्ष संपतं. अंदाज आणि फोटो काढून टाका, नुसती यादी द्या आणि दोन हजार घ्या, असं मी कंपनीला कळवलं आहे. ते म्हणतात तिन्ही एकत्रच मिळतं. कालच्या फोनवर अठ्ठावीसशेपर्यंत उतरलेत.