जड टेलिफोटोसाठी उंच ट्रायपॉड: खोक्यावरचा भार विसरा, नळीची जाडी बघा

ट्रायपॉडच्या खोक्यावर दोन आकडे ठळक छापलेले असतात: किती किलो पेलतो आणि किती उंच होतो. ५००-६०० मिमीची लेन्स वापरणाऱ्याची दिशाभूल हे दोन्ही आकडे करतात.

आधी भार. हा आकडा कसा मोजायचा याचा सगळ्या कंपन्यांना बांधील असा नियम नाही. एका कंपनीचे ९ किलो आणि दुसरीचे २५ किलो शेजारी ठेवून काही कळत नाही. शिवाय लेन्स जड आहे म्हणून पाय मोडत नसतात. सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी १.९ किलो, सोनी २००-६०० साधारण २.१, निकॉन २००-५०० साधारण २.३ आणि कॅनन ६०० एफ/४ची तिसरी आवृत्ती ३ किलोंच्या किंचित वर. कॅमेऱ्याची बॉडी आणि हेड (ट्रायपॉडच्या माथ्यावर बसून लेन्स वळवणारा भाग) धरले तरी बेरीज पाच-सहा किलोंच्या पुढे क्वचितच जाते, आणि एवढे वजन स्वस्तातला ट्रायपॉडही पेलतो. अडचण असते ती थरथरीची. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ६०० मिमी लावली की एका पिक्सेलच्या वाट्याला सुमारे २ आर्क-सेकंद (एक आर्क-सेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) येतात. म्हणजे पन्नास मीटरवरच्या पक्ष्याचे जेमतेम अर्धा मिलिमीटर पीस. वाऱ्याची झुळूक किंवा शटर दाबणारे बोटही लेन्सला याहून जास्त हलवते. म्हणून ट्रायपॉड वजन पेलतो का, यापेक्षा धक्का बसल्यावर किती कमी हलतो आणि किती लवकर थांबतो हे महत्त्वाचे.

हे ठरते प्रामुख्याने नळीच्या जाडीवर. पातळ भिंतीच्या नळीचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २९ मिमीऐवजी ३३ मिमीची नळी घेतली तर भिंतीची जाडी तीच असूनही ताठपणा जवळपास दीडपट होतो, आणि ३३ वरून ४१ वर गेले की जवळपास दुप्पट. याउलट पाय जितका लांब ताणाल तितका हाच ताठपणा झपाट्याने घसरतो. उंच आणि भक्कम यांचे भांडण इथे आहे. त्यावर तोड म्हणजे गरजेपेक्षा उंच ट्रायपॉड घ्यायचा आणि पूर्ण उघडायचाच नाही.

आता उंची. १७० सेमी उंचीच्या माणसाचे डोळे साधारण १५८ सेमीवर असतात. पूर्ण आकाराच्या गिंबल हेडवर (लेन्सला तोलून झोपाळ्यासारखे धरणारे हेड) लेन्सचा अक्ष पायांच्या माथ्यापासून सुमारे २० सेमी वर येतो (आपापल्या हेडवर टेप लावून मोजावे). म्हणजे समोर सरळ बघायला १३८ सेमीचे पाय पुरतात, आणि बहुतेक जण इथेच हिशेब थांबवतात. पण पक्षी झाडावर असतो. लेन्सचे तोंड ४० अंश वर केले की मागचा आयपीस (डोळा लावायची जागा) खाली जातो. गिंबलच्या आसापासून आयपीस २५ ते ३० सेमी मागे असतो, त्यामुळे तो १६ ते १९ सेमी उतरतो. तेवढे वाकून उभे राहायचे नसेल तर पाय १५५ सेमीच्या पुढे हवेत. जमीन उताराची असेल, जी पुण्याजवळच्या सिंहगड व्हॅलीत आणि घाटात कायमच असते, तर खालच्या बाजूच्या पायाला आणखी पंधराएक सेमी लागतात. बेरीज १७० सेमी.

आणि मॅनफ्रोटो ०५५ कार्बन तीन-सेक्शनच्या (सेक्शन म्हणजे पायातली एकात एक सरकणारी नळी) खोक्यावर हाच आकडा आहे: १७० सेमी. फक्त तो सेंटर कॉलम, म्हणजे मधला वर-खाली होणारा दांडा, पूर्ण वर काढून मिळतो. कॉलम खाली असताना उंची १४० सेमी. कॉलम वर काढणे म्हणजे तीन पायांच्या माथ्यावर एक बारीक काठी उभी करून तिच्या टोकाला तीन किलो टांगणे. ०५५ हा वाईट ट्रायपॉड नाही. दोन किलो वजन, कॉलम आडवा करण्याची सोय, फुलपाखरे-फुलांसाठी छान. १००-४०० सारख्या लेन्सलाही चालतो. पण वरची नळी २९ मिमी आणि तळाची २० मिमीच्या आसपास असल्यामुळे उभ्याने वापरायच्या ६०० मिमीसाठी तो आमच्या यादीत बसत नाही. कॉलमवाला कुठलाही ट्रायपॉड बघताना कॉलम खाली असतानाची उंची विचारा. विक्रेत्याला सांगता आली नाही, तर दुकानातच टेप लावा.

या कामासाठी कॉलम नसलेले, सपाट माथ्याचे ट्रायपॉड बनतात. गिट्झोच्या सिस्टेमॅटिक मालिकेतले दोन भाऊ तुलनेला सोयीचे आहेत. जीटी३५४३एलएस: चार सेक्शन, १४६ सेमी, दोन किलो. जीटी३५४३एक्सएलएस: तेच ३३ मिमी पाय, तेच चार सेक्शन, पण २०२ सेमी, आणि वजन फक्त पाव किलोच्या आसपास जास्त. कंपनी दोघांवरही २५ किलो भार लिहिते, यावरून त्या आकड्याची किंमत कळावी. एलएस पूर्ण ताणूनही वर बघताना दहा सेमी कमी पडतो. एक्सएलएस १७० वर लावला की तळाची सर्वांत बारीक नळी, साधारण २२ मिमीची, बरीचशी आत राहते. ओझ्यात पाव किलो वाढले तरी चालेल, पण एक्सएलएसच घ्यावा. त्याचा खरा तोटा बंद केल्यावरच्या लांबीत आहे: ७० सेमीच्या आसपास. पाठीवरच्या बॅगेबाहेर डोकावतो, आणि विमानाने जाताना चेक-इन सामानात टाकावा लागतो.

रियली राइट स्टफचा टीव्हीसी-३४एल याच्या तोडीचा आहे. वरची नळी ३७ मिमी, उंची पावणेदोन मीटरच्या जवळपास. ताठपणा थोडा सरस, शिल्लक उंची कमी. उभा राहणारा माणूस १७५ सेमीपेक्षा उंच असेल तर गिट्झो, नाहीतर दोन्हींत जो दुरुस्तीच्या सोयीसह मिळेल तो. दोन्ही महाग आहेत, आणि ग्रे मार्केटमधून, म्हणजे अधिकृत विक्रेत्याला टाळून आणलेल्या नगाला वॉरंटीचा फारसा आधार राहत नाही.

लिओफोटोमुळे बजेटवाल्यांची सोय झाली. मॉडेलच्या नावातच उत्तर असते: पहिले दोन आकडे वरच्या नळीचा व्यास मिमीमध्ये, तिसरा आकडा सेक्शन, सी म्हणजे कार्बन. एलएस-३२४सी म्हणजे ३२ मिमी, चार सेक्शन. एलएम-३६४सी म्हणजे ३६ मिमी. ६०० एफ/४ किंवा तत्सम लेन्सला ३६ पासून सुरुवात करा, दोन किलोच्या झूमला ३२ पुरतो. उंची मात्र प्रत्येक मॉडेलची वेगळी तपासायची, कारण याच मालिकांत १३०-१४० सेमीचे आखूड ट्रायपॉड बरेच आहेत. पाच सेक्शनचे टाळा. जास्तीची सेक्शन म्हणजे जास्तीचा बारीक पाय आणि जास्तीचा सांधा.

फारच कमी खर्चात काम भागवायचे तर सर्वेक्षणवाल्यांचा, म्हणजे थिओडोलाइटखालचा ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड बघा. त्याचा बोल्ट ५/८ इंची असतो, त्यावर ३/८ इंचीचा अडॅप्टर लागतो. जड आहे, खाली बसून वापरता येत नाही, दिसायलाही ओबडधोबड. पण नांदूर मधमेश्वरसारख्या पाणथळीवर गाडीतून उतरून एकाच जागी दोन-तीन तास उभे राहायचे असेल तर तो अनेक महागड्या ट्रॅव्हल ट्रायपॉडना मागे टाकतो.

हेडबद्दल. बॉलहेडवर (एका गोळ्यावर सगळीकडे वळणारे हेड) तीन किलोची लेन्स हा धोका आहे. नॉब जरा सैल राहिला की लेन्स आपटते, बोटे चिमटतात, कधी अख्खा ट्रायपॉड कलंडतो. गिंबलच घ्या. विंबर्ली डब्ल्यूएच-२०० सुमारे १.४ किलोचा आहे आणि त्याच्या हालचालीचा गुळगुळीतपणा अजूनही मोजपट्टी मानला जातो. बेन्रोचा जीएच२ त्याच घडणीचा आणि स्वस्त. व्हिडिओ जास्त काढत असाल तर फ्लुइड हेड (हालचाल सलग आणि संथ ठेवणारे) बरे.

गिंबल नीट बसवायला पाच मिनिटे द्या. ट्रायपॉडचा माथा आधी लेव्हल करा, नाहीतर पॅन करताना, म्हणजे लेन्स आडवी फिरवताना, क्षितिज तिरके होत जाते. मग लेन्सचे फूट (लेन्सखालचा पाया) हेडच्या क्लॅम्पमध्ये बसवून प्लॅटफॉर्म वर-खाली करा, लेन्सचा मध्य आसाच्या रेषेत येईपर्यंत. नंतर लेन्स पुढे-मागे सरकवा. नॉब सैल सोडल्यावर लेन्स ज्या कोनात ठेवाल तिथेच थांबली पाहिजे. सिग्मा-टॅमरॉनच्या १५०-६०० आणि निकॉनची २००-५०० झूम करताना लांबतात, म्हणून त्यांचा तोल सर्वांत लांब फोकल लेन्थवर साधावा. सोनी २००-६०० आणि निकॉन झेड १८०-६०० यांची लांबी बदलत नाही, हा त्यांचा न बोलला जाणारा फायदा.

डावीकडे जोरात पॅन करताना हेड ट्रायपॉडवरून उलटे फिरून सैल होऊ शकते. माथ्याच्या प्लेटखाली बारीक सेट-स्क्रू असतील तर ॲलन कीने ते आवळा, आणि महिन्यातून एकदा तपासा. लेन्सचे मूळ फूट बऱ्याचदा साखळीतला सर्वांत कमकुवत दुवा असते. ते आर्का पद्धतीचे (क्लॅम्पमध्ये थेट बसणाऱ्या तिरक्या खाचेचे) नसेल तर लांब प्लेट दोन स्क्रूंनी लावा. एकाच स्क्रूवर ती फिरते. टॅमरॉनच्या जी२च्या फुटाला ही खाच मुळातच आहे.

खरेदीपूर्वी दुकानात आपली लेन्स घेऊन जा. पाय हव्या त्या उंचीला लावा, लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे थेट दृश्य) कमाल मोठा करा, रस्त्यापलीकडच्या पाटीवरचे अक्षर पकडा आणि लेन्सच्या पुढच्या टोकाला बोटाने टिचकी मारा. अक्षर सेकंदभरात स्थिर झाले तर उत्तम. दोन-तीन सेकंद डुलत राहिले तर तो ट्रायपॉड तुमच्या लेन्सचा नाही. दुसरी तपासणी हेड काढून: माथ्यावर दोन्ही हातांनी अंगाचा भार टाका. एकही सांधा सरकता कामा नये. मग माथा धरून पिळा. सांध्यात खटखट जाणवली तर परत ठेवा.

वापरात बहुतेक बिघाड चिखल आणि खाऱ्या पाण्यामुळे होतात. एरवी वरची जाड सेक्शन आधी उघडायची, पण ऐरोली-उरणच्या खाडीकाठी किंवा भिगवणच्या गाळात उलटे करा: तळाची सेक्शन पूर्ण बाहेर काढा, म्हणजे लॉक चिखलाच्या वर राहतो. ताठपणा थोडा जातो, लॉक वाचतो. काळ्या मातीत पाय एकसारखे खचत नाहीत, म्हणून लेन्स चढवण्याआधी माथ्यावर दाबून ते बसवून घ्या. खाऱ्या पाण्यातून आल्यावर त्याच रात्री फिरकीचे लॉक पूर्ण उघडा, नळी बाहेर काढा, गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा आणि आट्यांवर ग्रीसचा पातळ हात द्या. नळीच्या टोकाला बसणारे प्लास्टिकचे अर्धगोल तुकडे कोणते कुठे होते याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. गंजलेल्या सांध्यावर गंज सोडवणारे तेल मारून ठेवणे हा उपाय नव्हे, त्याला वाळू चिकटते.

वाऱ्यात माथ्याखाली बॅग टांगणार असाल तर ती जमिनीला टेकेल इतकी खाली सोडा. हवेत लोंबकळणारी बॅग स्वतःच झोके घेते आणि तिचा प्रत्येक झोका फोटोत उतरतो. हेड घट्ट लॉक करून स्थिर पक्षी टिपताना लेन्सचे स्टॅबिलायझेशन (हादरा कमी करणारी यंत्रणा) बंद, उडत्या पक्ष्यामागे गिंबल फिरवताना चालू.

ताडोबाच्या जिप्सीत आणि भिगवणच्या होडीत मात्र यातले काहीही नेऊ नका. तिथे लेन्स टेकवायला मूग भरलेली बीनबॅग.