मासेवाल्या कॅबिनेटच्या नादात 97,940 रुपये घालवले

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. पोलीस ठाण्यात हसले, सोसायटीत हसले, मेहुणा तर अजून हसतोय. पण 'कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्येच फिश टँक बनवून देतो' म्हणणारा हा माणूस नाशिकमध्येच दुसऱ्या नावाने पुन्हा शटर उघडणार याची मला खात्री आहे, म्हणून लाज गुंडाळून लिहितोय.

आणि मी बावळट नाही हो. 11 वर्षं घरात मासे आहेत माझ्या. नव्या टाकीत माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जीवाणू वाढायला महिना-सव्वा महिना द्यावा लागतो, तोवर मासे सोडायचे नाहीत, हे मी लोकांना सांगत फिरतो. कॉम्प्युटरही स्वतः जोडतो. ज्या दोन गोष्टी मला कळतात, नेमक्या त्यांच्याच सांध्यात त्याने मला पकडलं.

घर इंदिरानगरला, टेबल एकच. त्यावर कॉम्प्युटर ठेवायचा की टाकी, यावरून रोज कटकट. म्हणून हे डोक्यात आलं. पुढच्या बाजूला 40 बाय 20 बाय 30 सेंटिमीटरची टाकी, म्हणजे 24 लिटर, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन 24 किलो. मागे हवेची पोकळी, तिच्यामागे कॉम्प्युटरचा मदरबोर्ड. मी रीतसर चित्र काढून नेलं होतं. टाकीतून येणाऱ्या प्रत्येक वायरला खाली झोळ द्यायचा, म्हणजे ओघळ सॉकेटात न जाता तिथेच टपकेल, हेसुद्धा त्यात दाखवलं होतं. त्याने चित्र पाहून मान डोलावली आणि म्हणाला, "दादा, तुम्हाला सगळंच माहितीये, आम्ही काय सांगणार?" असं कोणी म्हणालं की उठून घरी यावं.

मोबाईलवर त्याचं रील पाहून फोन केला होता. रविवारी आम्ही तिघं मिसळ खाऊन तसेच एमआयडीसीतल्या त्याच्या गाळ्यावर गेलो. तिथे डेमो पीस चालू होता. काचेच्या पेटीत निळा लाइट, आख्खा मदरबोर्ड थेट बुडवलेला, पंखा आतच फिरतोय आणि भोवती चार केशरी मासे. मी म्हटलं, बोर्ड पाण्यात कसा? म्हणाला, वॉटरप्रूफ कोटिंग आहे, तुमची टाकी मात्र वेगळी ठेवू. असं कोटिंग खरंच असतं, दमटपणापासून बोर्ड वाचवायला मारतात. अर्धवट खरं बोलणारा माणूस जास्त घातक, कारण उरलेलं अर्धं आपणच भरून देतो.

ते पाणी नव्हतं. मिनरल ऑइल होतं, लिक्विड पॅराफिन. त्यातून वीज वाहत नाही, म्हणून हौशी लोक आख्खा कॉम्प्युटर त्यात बुडवतात. मासे त्यात जगत नाहीत. ते प्लॅस्टिकचे असतात, पंख्याने ढवळलेल्या तेलाबरोबर हलतात. हे मला माहीत होतं! परदेशातले असले व्हिडिओ मी चार वर्षांपूर्वी पाहिले होते. आणि तरी तिथे दहा मिनिटं उभा राहून मला दिसलं नाही. बुडबुडे पाण्यातल्यासारखे सुळकन वर जात नव्हते, काकवीतून चढावेत तसे आरामात चढत होते. तळाला विष्ठेचा कण नाही, काचेवर शेवाळाचा ठिपका नाही.

माझी लेक पाचवीत आहे. तिने काचेला नाक लावलं आणि विचारलं, "बाबा, हे मासे तोंड का उघडत नाहीत?"

माशाला कल्ल्यांवरून पाणी खेळवायला सारखी तोंडाची उघडझाप करावी लागते. हे तिला मीच शिकवलं होतं. तो माणूस गप्प झाला, माझ्याकडे बघायला लागला. आणि उत्तर मी दिलं. "झोपलेत गं ते, माशांना पापण्या नसतात, डोळे उघडे ठेवूनच झोपतात." त्याचं काम मी केलं. रात्री अंथरुणावर हे वाक्य आठवतं आणि उठून बसतो.

अजून एक. पेटीच्या कडेला हात लागला होता, तो मी पँटला पुसला. संध्याकाळी बायको म्हणाली, पँटला तेल कुठलं? मी म्हटलं, मिसळीची तर्री सांडली असेल. ती म्हणाली, "तर्रीचा डाग लाल पडतो, याला रंगच नाही." तोवर 5,000 टोकन देऊन झालं होतं. तेव्हाच थांबलो असतो तर पाच हजारांत सुटलो असतो.

पुढचं तुम्हाला पाठ असेलच. ॲक्रिलिक आणि सीएनसी कटिंगचे 22,000. पंप आणि लाइटचे 9,500. मग जीएसटीचे 3,240, अठरा हजारांवर अठरा टक्के. अठरा हजार कशाचे, हे मी विचारलंच नाही. कोटेशनवरचा जीएसटी नंबर 24 ने सुरू होत होता. महाराष्ट्राचा 27 ने होतो, 24 गुजरातचा. पंधरा अक्षरी नंबर पोर्टलवर टाकायला अर्धा मिनिट लागतो, तेवढंही करू नये माणसाने?

आणि मग पार्ट. "फिटिंगचं माप घ्यायला बोर्ड आणि कार्ड दोन दिवस ठेवा." 31,400 चं ग्राफिक कार्ड, 26,800 चा बोर्ड आणि त्यावर बसवलेला प्रोसेसर मी स्वतःच्या हाताने, बबल रॅपमध्ये गुंडाळून, स्कूटरवरून नेऊन दिला. मापासाठी पार्ट लागत नाही. एटीएक्स, म्हणजे नेहमीच्या मोठ्या मापाचा बोर्ड 305 बाय 244 मिलिमीटर, जगभर तोच, स्क्रूची भोकंही ठरलेली. पुठ्ठा कापून द्या. पार्ट मागितला की समजा.

आठ दिवस "शीट चिकटतेय" चाललं. सिलिकॉन सुकत असल्याचा फोटो पाठवला. ॲक्रिलिकचे सांधे सिलिकॉनने धरत नाहीत, ते सॉल्व्हंटने जोडतात, सिलिकॉन काचेचं काम. तिथेही माझी ट्यूब पेटली नाही. नंतर फोन बंद, शटरला कुलूप. गाळामालक म्हणाला, दोन महिन्यांचं भाडं माझंही बुडालंय, तुमच्याआधी दोघं येऊन गेले.

आता ठाण्याची कहाणी. पहिल्या ठाण्यात साहेबांनी ऐकून घेतलं, मग पलीकडच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारली आणि मला म्हणाले, "परत सांगा, कॉम्प्युटरमध्ये काय?" मी परत सांगितलं. तिसऱ्याला बोलावलं. तिसऱ्यांदा सांगितलं. मग निकाल दिला की पैसे ऑनलाइन गेलेत, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, तुम्ही माणसाला समोर भेटलात, वस्तू हातात दिलीत, यात सायबर कुठे आलं, ठाण्यात जा. पुन्हा ठाणं. तिथे नवीन साहेब. "हा व्यवहार आहे, दिवाणी बाब आहे, वकील बघा." खोटा डेमो दाखवून पैसे काढणं ही फसवणूक नाही तर काय? न्याय संहितेचं 318 कलम मी मोबाईलवर उघडून दाखवलं, तर "आम्हाला कायदा शिकवू नका". चौथ्या फेरीला अर्ज घेतला आणि पोचपावतीवर विषय लिहिला: 'फिश टँक गहाळ झाल्याबाबत'. गहाळ! माझी टाकी बनलीच नव्हती, गहाळ कुठून होणार? दुरुस्त करा म्हटलं, तर म्हणे नोंद झाली, आता बदलत नाही. बँकेचं एकच, पिन तुम्हीच टाकलात. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला मीच उशीर केला, तो पैसे गेल्या गेल्या करायचा असतो, अब्रूच्या भीतीने आठ दिवस घालवून नाही.

ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, तेवढा एक दरवाजा उघडा आहे. पण नोटीस धाडायला समोरच्याचा पत्ता हवा, आणि माझ्याकडे पत्ता आहे तो कुलपाचा. म्हणून टोकन देण्याआधी आधार कार्डाचा फोटो आणि गाळ्याचा भाडेकरार मागा. चिडला तर चिडू दे.

गाळामालकाने परवा शटर उघडून दाखवलं. आत लिक्विड पॅराफिनचे दोन रिकामे कॅन, आणि वायरींच्या टोकांखाली फरशीवर तेलाचं थारोळं. वायरीतून तेल वातीसारखं चढून बाहेर ठिबकतं, डेमो पीसचं तसंच झालं होतं.

एक विनंती. एमजी रोडला किंवा कुठेही सेकंडहँडमध्ये दोन पंख्यांचं काळं ग्राफिक कार्ड बिलाशिवाय स्वस्तात मिळत असेल तर ते उलटं करून बघा. मागच्या पत्र्याच्या कोपऱ्यात लेकीने केशरी माशाचा स्टिकर लावला होता. काढला असला तरी डिंकाचा डाग राहिला असेल, शेपटीच्या आकाराचा. सीरियल नंबर माझ्या बिलावर आहे, जुळवून घेऊ.