नागावच्या होमस्टेतली झाडं: अकरा महिन्यांनंतर

अलिबागजवळ नागावला सासरचं जुनं घर आहे. गेल्या ऑक्टोबरात ते पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली, तेव्हा आत ठेवायला बारा कुंड्या घेतल्या: चार स्नेक प्लांट, दोन झेडझेड, दोन मनीप्लांट आणि अरेका पाम, पीस लिली, स्पायडर प्लांट, जेड एकेक. आता सप्टेंबर संपत आलाय. आठ झाडं जागच्या जागी आहेत, दोन गेली, एक पडवीत हलवलं, एक ठाण्याला घेऊन आले. असंच घर भाड्याने देणाऱ्या दोन मैत्रिणींनी विचारलं म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आधी घराची परिस्थिती सांगते, कारण झाडाची निवड तिच्यावर ठरते. घर नारळी-पोफळीच्या वाडीत आहे. बाहेर लख्ख ऊन असतं, पण माजघरात दुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो. शनिवार-रविवार घर भरलेलं, मधले दिवस कुलूप, आणि जुलैमध्ये तर सलग दहा-बारा दिवस दारंखिडक्या बंद. पाहुणे असले की एसी 18 वर, गेले की कोंदट दमट हवा. मी ठाण्यात राहते, महिन्यातून एकदा जाते. साफसफाई गावातल्या वहिनी करतात.

पाणी कमी पडून आमच्याकडे एकही झाड मेलं नाही. जास्त पाण्याने मात्र एक गेलं आणि आणखी दोन जाता जाता राहिली. पाहुणे फार प्रेमाने पाणी घालतात. शुक्रवारी आलेले घालतात, रविवारी आलेले घालतात, सोमवारी वहिनी लादी पुसताना घालायच्या. प्रत्येकाला वाटतं, बिचाऱ्या झाडाकडे कोणी बघत नसेल. सुरुवातीला मीच टेबलावर चिठ्ठी ठेवली होती, ‘झाडांना थोडं पाणी घालाल का?’ ती माझी सगळ्यात मोठी चूक.

डिसेंबरात एसीच्या खोलीतला स्नेक प्लांट बुंध्याशी मऊ पडला. ओढल्यावर पानं अलगद हातात आली, मुळांना कुजका वास. कुंडी दिसायला सुंदर होती, पांढरी सिरॅमिकची, पण तळाला भोक नव्हतं आणि आत चार बोटं पाणी साचलेलं. त्या दिवशी बिनभोकाच्या सगळ्या कुंड्या काढून टाकल्या. नर्सरीतून आलेली झाडं नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात होती, तेही बदललं. घरी ते ठीक असेल, पण कोकणातल्या पावसाळी हवेत कोकोपीट आठवडेच्या आठवडे ओलं राहतं आणि त्यावर चिलटं होतात. आता आम्ही जांभ्याचा बारीक खडा, नदीची वाळू आणि शेणखत असं मिश्रण वापरतो. समुद्र पाच मिनिटांवर असला तरी तिथली वाळू चालत नाही, तिच्यात मीठ असतं.

बाकीचे तीन स्नेक प्लांट ठणठणीत आहेत. थंडीत वीस-पंचवीस दिवसांनी पाणी, जून ते सप्टेंबर जवळजवळ काहीच नाही. मेलेल्या झाडाची चांगली पानं कापून दोन दिवस सुकवली आणि मातीत खोचली. हे झाड पिवळ्या काठाचं होतं. पानापासून येणाऱ्या रोपात तो काठ उतरत नाही, रोप साधं हिरवं येतं. पिवळा काठ हवा असेल तर मुळासकट पिल्लू वेगळं करूनच लावावं लागतं.

सगळ्यात जास्त समाधान झेडझेडने दिलं. न्हाणीघराकडे जाणारा बोळ घरातला सगळ्यात अंधारा कोपरा, तिथे एक ठेवलं. मातीखाली त्याचे बटाट्यासारखे कंद असतात, त्यात ते पाणी साठवून ठेवतं. मार्च-एप्रिलमध्ये पावणेदोन महिन्यांत त्याला एकदाच पाणी मिळालं, तरी पानांची चकाकी गेली नाही. जूनमध्ये पोपटी रंगाचे दोन नवे कोंब आले. वाढतं फार हळू आणि स्नेक प्लांटपेक्षा महाग मिळतं, पण भाड्याच्या घरासाठी एकच झाड घ्यायचं असेल तर मी हेच घ्यायला सांगेन.

मनीप्लांट आधी बाटल्यांत पाणी भरून खिडकीत टांगले होते, फोटोत छान दिसायचे. जुलैत गावात डासांची तपासणी करायला आरोग्यसेवक आले आणि त्यांनी बाटलीत वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या. डेंग्यू पसरवणारा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवे डास बाहेर पडतात. जुलैत घर सलग बंद असतं जवळजवळ तेवढाच हा काळ. ज्या घरात लोक लहान मुलांना घेऊन झोपायला येतात तिथे मी हे ठेवलं होतं, याचं मला फार वाईट वाटलं. मनीप्लांट लगेच मातीत लावले, कुंड्यांखालच्या ताटल्याही काढल्या. आता कपाटावरून वेल खाली सोडलेत आणि उत्तम वाढताहेत.

उंचावर ठेवण्याला कारणही आहे. मनीप्लांट, झेडझेड, पीस लिली यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. मूल किंवा कुत्र्याने पान चावलं तर तोंडाची आग होते, सूज येते. नर्सरीवाल्याने डिफेनबाकियाची सुरेख ठिपक्यांची कुंडी स्वस्तात देऊ केली होती, ती याच कारणाने घेतली नाही. स्नेक प्लांटही कुत्र्या-मांजरांनी खाऊ नये असाच. स्पायडर प्लांट त्यांना विषारी नाही, म्हणून पाहुण्यांसाठी ठेवलेल्या खोलीत खाली एवढं एकच आहे. उन्हाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं, तेव्हा त्याची टोकं करपली. पावसाचं पाणी मिळाल्यावर नवी पानं स्वच्छ आली.

अरेका पाम एसीच्या खोलीत टिकला नाही. टोकं तपकिरी, पानांखाली लाल कोळी ही बारीक कीड. पडवीत नेल्यावर दोन महिन्यांत सावरला, तिथेच राहू दे. जेडला ऊन मिळालं नाही, लांबुळका होऊन गळाला. पीस लिली तहानली की मान टाकते आणि पाणी मिळालं की काही तासांत उभी राहते. घरात रोज वावरणाऱ्याला ही मोठी सोय आहे, पण पाहुणा घाबरून तांब्यावर तांब्या ओततो. ती ठाण्यात माझ्या डोळ्यासमोर खूश आहे.

जाहिरातीत ‘हवा शुद्ध करणारी झाडं’ असं लिहायचा सल्ला मिळाला होता. मी लिहिलं नाही. झाडं हवेतली घातक रसायनं शोषतात असं दाखवणारा नासाचा 1989 चा प्रसिद्ध प्रयोग हवाबंद पेटीतला होता. 2019 मध्ये अशा अनेक प्रयोगांची आकडेमोड पुन्हा झाली, तेव्हा नेहमीच्या खेळत्या हवेची बरोबरी करायला दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील असं निघालं. खिडकी उघडा, एवढं सांगणं जास्त खरं आहे.

पाण्याची घडी वहिनींनी बसवली. मी त्यांना तारखांचा तक्ता करून दिला होता. त्या म्हणाल्या, “ताई, तारीख कशाला? कुंडी उचलून बघायची. हलकी लागली तर घालायचं, जड लागली तर ठेवून द्यायची.” मी अकरा महिन्यांत शिकलेल्या गोष्टींत ही सगळ्यात उपयोगी. कुंड्या म्हणूनच एका हाताने उचलता येतील एवढ्याच घ्या, सहा ते आठ इंची. चिठ्ठीही बदलली: ‘आतल्या झाडांना पाणी आम्ही घालतो. तुम्हाला आवड असेल तर अंगणातल्या तुळशीला जरूर घाला.’ शेजारी तांब्या ठेवलाय. सकाळी मुलं रांगेने घालतात, आणि उन्हाळ्यात तुळशीला ते हवंच असतं.

दिवाळीच्या गर्दीआधी आणखी दोन झेडझेड आणायचे आहेत. मेलेल्या स्नेक प्लांटच्या पानाला गेल्या महिन्यात कोंब फुटलाय. चार बोटं उंच झालाय, काठ नसलेला, साधा हिरवा. वहिनींनी तो पाहुण्यांच्या हाताला लागू नये म्हणून स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर ठेवलाय.