अनाथ मुलींच्या लग्नासाठी म्हणून आईचा साज नेला, सावध रहा

कोल्हापुरात अनाथ मुलींच्या सामुदायिक लग्नासाठी दागिने-भांडी मागत कुणी दारात आलं तर एक चमचासुद्धा देऊ नका. आमचं 2,54,600 रुपयांचं गेलंय. आईचा कोल्हापुरी साज 1,64,000 (गुजरीतल्या सराफानं गेल्या वर्षी काढलेली किंमत), चांदीची भांडी 61,500, दोन पैठण्या 24,000 आणि वर 80जी च्या (दानावर इन्कम टॅक्समध्ये मिळणाऱ्या सुटीच्या) सर्टिफिकेटची फी म्हणून जीपेवर 5,100.

आईचीच इच्छा होती की माझ्या मागं हे एखाद्या गरीब पोरीच्या अंगावर जावं, म्हणून दिलं. आयकार्ड बघितलं, पावती घेतली, पावतीवर रजिस्ट्रेशन नंबर होता, अजून माणसानं काय बघायचं? पण एक गोष्ट आठवली की डोकं फिरतं. दारात आलेल्यांतल्या चष्मेवाल्यानं बॅगेतनं छोटा वजनकाटा काढला, साज त्यावर ठेवला, एक पान उलटं करून नखानं खरवडलं आणि विचारतो, "काकू, यात लाख किती, सोनं किती?" अरे, नवरीच्या गळ्यात घालायचा साज, तुला पानात भरलेल्या लाखेशी काय करायचंय! हे मोड घेणारा विचारतो. तिथंच हाकलायला पाहिजे होता, पण आईचं दिवसकार्य नुकतंच झालेलं, घरात पाहुणे बसलेले, अशा वेळी कुणाचं डोकं चालतं?

आणि वस्तू दिल्या तर 80जी ची सूट मिळतच नाही, फक्त पैशांच्या दानाला मिळते, रोख असेल तर 2,000 पर्यंतच. हे सीए भाच्यानं नंतर सांगितलं. पावतीवरचा नंबर आधी धर्मादाय आयुक्तांच्या साईटवर टाकून बघा, आमचा कुठल्यातरी भजनी मंडळाचा निघाला.

पोलीस ठाण्यात तर वेगळाच ताप. "तुम्ही स्वतःच्या हातानं दिलंय न्हवं, मग चोरी कसली?" चोरी कोण म्हणतंय, फसवणूक म्हणतोय, जुनं 420, आता न्याय संहितेचं 318! मग म्हणे साजाचं बिल आणा. आईच्या लग्नातल्या साजाचं बिल कुठनं आणू? मग साहेब जोतिबाच्या यात्रेच्या बंदोबस्ताला, मग साहेब रजेवर, शेवटी अर्जावर शिक्का मारून हातात दिला, एफआयआर नाहीच. ज्याचं गेलं त्यालाच आरोपीसारखं उभं करतात. ऑनलाईन पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला, म्हणजे सायबर हेल्पलाईनला, फोन करा, ठाण्याच्या भरवशावर बसू नका. आणि द्यायचंच असेल तर स्वतः संस्थेत जाऊन, मुली डोळ्यांनी बघून द्या.

गुजरीत ज्यांचं दुकान आहे त्यांना हात जोडून सांगते, असा साज मोडीला आला तर आधी कळवा. डोरल्याशेजारच्या पानाचा कोपरा चेपलाय आणि मागं दोऱ्याऐवजी तांब्याची तार ओवलीय.